सागराची अनुकृती आणि इशाऱ्याचे वाक्य

गेल्या पाव शतकात सागरविज्ञानाने जी साधने सिद्ध केली, त्यांत समुद्राच्या संगणकीय अनुकृतीला अग्रस्थान द्यावे लागेल. 'अनुकृती' हा शब्द येथे हेतुपुरस्सर योजिला आहे. 'सिम्युलेशन' ह्या संज्ञेसाठी 'सदृशीकरण', 'अनुरूपण' असेही पर्याय सुचविले जातात. परंतु संस्कृत नाट्यविचाराने रूढ केलेल्या 'अनुकृती' ह्या शब्दात दोन सूचना अंतर्भूत आहेत. अनुकृती ही मूळ वस्तू नव्हे, आणि ती कोणासाठी तरी केलेली असते. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रेस्त येथील परिषदेत महासागराचे 'डिजिटल जुळे' उभारण्याचा संकल्प जाहीर केला, तेव्हापासून हे रूपक सर्वत्र प्रचारात आले आहे. ह्या रूपकात मात्र वरील दोन्ही सूचना लोपतात. जुळे भावंड मूळाच्या बरोबरीचे असते आणि त्याला प्रेक्षकाची गरज नसते. ह्या साधनाचे मूल्य त्याच्या प्रेक्षकावर, म्हणजे किनाऱ्यावरील माणसावर, अवलंबून आहे, हे विसरण्याची सोय ह्या शब्दाने होते.

प्रस्तुत लेखात ह्या साधनाचे परीक्षण भाषाभ्यासाच्या दृष्टीने करावयाचे आहे. गणिताच्या यथार्थतेचा निर्णय त्या शास्त्रातील अधिकारी व्यक्तींनी करावा. आपला प्रश्न निराळा आहे : अनुकृतीचे फलित ज्या वाक्याच्या रूपाने किनाऱ्यावर पोहोचते, ते वाक्य म्हणून कसे आहे?

१

प्रथम पद्धती थोडक्यात पाहू. समुद्राचा पृष्ठभाग लहानमोठ्या घरांच्या जाळीत विभागला जातो. किनाऱ्याजवळ ही घरे बारीक, तर खोल समुद्रात मोठी असतात. प्रत्येक घरासाठी तळाची खोली, वाऱ्याचा वेग, हवेचा दाब आणि भरती-ओहोटीची अवस्था ही मूल्ये पुरविली की, जलगतीच्या समीकरणांच्या साहाय्याने पुढील क्षणीची पाण्याची पातळी काढता येते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला तर पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढते. परंतु वादळात किनाऱ्यावर चढणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा वाऱ्याच्या रेट्याचा असतो, आणि उथळ समुद्रात तो विशेष वाढतो. हैदराबाद येथे १९९९ मध्ये स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉइस, आणि भारत हवामानशास्त्र विभाग ह्या संस्था अशा अनुकृतींच्या आधारे लाटांचे व वादळी पाण्याचे पूर्वानुमान प्रसिद्ध करतात.

ह्या विद्येची उपयुक्तता वादातीत आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्याच राज्यात १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरजवळ 'फायलिन' आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलविण्यात आले होते, आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. ह्या यशात पूर्वानुमानाइतकाच निवाऱ्यांचा, रस्त्यांचा व प्रशासनाचा भाग आहे. तरीही वेळेवर मिळालेल्या पूर्वसूचनेवाचून ते शक्य झाले नसते.

परंतु पूर्वानुमान आणि इशारा ह्या दोन भिन्न गोष्टी होत. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन (१९११–१९६०) ह्यांनी दाखवून दिले की, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती उच्चारणे हीच एक कृती असते. आणि ऐकणाऱ्याने त्या कृतीचा स्वीकार केल्याखेरीज ती पूर्ण होत नाही. 'पाणी चढेल' हे विधान ऐकणारा कोणी नसला तरी खरे किंवा खोटे ठरू शकते. इशारा मात्र ऐकणाऱ्याला इशारा म्हणून कळला नाही, तर तो दिलाच गेला नाही असे म्हणणे भाग आहे. संगणकातील अनुकृती कितीही सूक्ष्म असली तरी तिचे शेवटचे घर ऐकणाऱ्याच्या मनात असते, आणि तेथे समीकरण चालत नाही.

२

ह्या दृष्टीने पहिली कसोटी नामाची. वस्तूला नाव नसेल, किंवा असलेले नाव ऐकणाऱ्याच्या अनुभवाशी जुळलेले नसेल, तर तिची उंची मीटरांत सांगून काय होणार?

फिलिपीन्समधील ताक्लोबान शहराचे उदाहरण ह्या बाबतीत फार उद्बोधक आहे. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी 'हैयान' हे चक्रीवादळ त्या भागावर आदळले. तेथील शासनाने २०१२ मध्ये आरंभिलेल्या 'नोआ' प्रकल्पातील शास्त्रज्ञांनी वादळी पाण्याची संगणकीय अनुकृती आधीच केली होती आणि ताक्लोबानला धोका असल्याचे कळविले होते. इशाऱ्यात इंग्रजी 'स्टॉर्म सर्ज' हीच संज्ञा योजिली गेली. पुष्कळांना ती समजली नाही. 'त्सुनामी येत आहे असे सांगितले असते तर आम्ही पळालो असतो' अशा अर्थाचे उद्गार नंतर तेथे वारंवार ऐकू आले. अधिकृत मोजणीप्रमाणे त्या वादळात ६,३०० माणसे मृत्यू पावली. ह्याच किनाऱ्यावर ऑक्टोबर १८९७ मध्ये असेच पाणी चढले होते. परंतु तो अनुभव एखाद्या नावात साठवून पुढच्या पिढ्यांच्या हाती राहिला नव्हता. आपत्तीनंतर शास्त्रज्ञांना व अधिकाऱ्यांना तागालोगमधील 'दालुयोंग' ह्या जुन्या शब्दाकडे वळावे लागले.

ह्याच्या उलट उदाहरण केरळचे. दक्षिण हिंदी महासागरातील दूरच्या वादळांनी उठविलेले लांब पल्ल्याचे तरंग कित्येक दिवसांचा प्रवास करून तेथील किनाऱ्यावर येतात. स्थानिक वारा नसताना, आकाश निरभ्र असताना पाणी एकाएकी घरांत शिरते. मच्छीमारांनी ह्याला 'कळ्ळक्कडल' असे नाव दिले होते. 'कळ्ळन्' म्हणजे चोर आणि 'कडल' म्हणजे समुद्र. वस्तूचे लक्षण, म्हणजे चाहूल न देता येणे, ह्या नावातच सांगितलेले आहे. शास्त्रज्ञांनी नवी संज्ञा न घडविता हाच शब्द आपल्या लेखनात घेतला, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने त्याला वैज्ञानिक संज्ञा म्हणून मान्यता दिली. आज ह्या घटनेचे पूर्वानुमान संगणकीय अनुकृतीने होते, आणि इशारा मात्र मच्छीमारांच्याच शब्दात निघतो.

तथापि नाव हा रामबाण उपाय नव्हे. मे २०२४ च्या आरंभी कळ्ळक्कडलचा इशारा निघालेला असताना, ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील किनाऱ्यावर सहलीस आलेले पाच वैद्यकीय विद्यार्थी लाटांनी ओढून नेले व ते मृत्यू पावले. शब्द ज्यांचा असतो त्यांना तो वाचवितो. बाहेरून येणाऱ्याला तो निराळ्या रीतीने समजावून द्यावा लागतो. इशाऱ्याचे श्रोते एक नसून अनेक असतात, हे येथे लक्षात घेणे इष्ट.

आता मराठीकडे वळू. 'स्टॉर्म सर्ज' ह्या संज्ञेसाठी आपल्याकडे 'वादळी लाट' हा प्रयोग आढळतो. तो सदोष आहे. 'लाट' म्हटले की येऊन फुटणारी व मागे सरणारी वस्तू डोळ्यांसमोर येते. वस्तुतः येथे समुद्राची पातळीच काही तासांपुरती उंचावते, आणि लाटा त्या उंचावलेल्या पाण्यावर स्वार होऊन येतात. किनाऱ्याच्या मराठीत पातळीचे शब्द आधीच आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला 'उधाण' म्हणतात, अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला 'भांग'. म्हणून 'वादळी उधाण' हा प्रयोग 'वादळी लाटे'पेक्षा कितीतरी यथार्थ ठरेल. त्यातही एक उणीव उरते. उधाण तिथीने बांधलेले असते. ते कधी येणार हे कोळीवाड्यातील पोराबाळांनाही ठाऊक असते. वादळी पाणी तिथी पाळीत नाही. 'बिनतिथीचे उधाण' असे म्हटल्यास ही उणीव भरून निघेल असे वाटते. परंतु ह्याचा निर्णय विद्यापीठाच्या दालनात न होता बंदराच्या धक्क्यावर व्हावा.

नामकरणातील आणखी एका दोषाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. चक्रीवादळाच्या पूर्वावस्थांना मराठीत 'कमी दाबाचे क्षेत्र', 'कमी दाबाचा पट्टा' असे म्हटले जाते. शास्त्रदृष्ट्या हे बरोबर आहे. पण सामान्य श्रोत्याच्या कानावर प्रथम 'कमी' हा शब्द पडतो. ह्या मालिकेतील 'डीप डिप्रेशन' ह्या अवस्थेत वाऱ्याचा वेग ताशी ५१ ते ६१ किलोमीटर असतो. लहान होडीचा घात करण्यास तो पुरेसा आहे. वाऱ्याने ताशी ६२ किलोमीटरची मर्यादा गाठली म्हणजेच त्याला 'चक्रीवादळ' ही पदवी व स्वतःचे नाव मिळते. तोपर्यंतचा धोका निनावी राहतो.

३

दुसरी कसोटी श्रोत्याच्या स्थितीची. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की ह्यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात ट्रोब्रिअंड बेटांवरील मासेमारीचे उदाहरण घेऊन असे प्रतिपादिले की, होडीतील माणसांचे बोलणे त्या क्षणीच्या कृतीपासून तोडले तर त्याला अर्थच उरत नाही. समुद्रावरच्या वाक्याचा अर्थ समुद्रावरच लागतो. आपले इशारे मात्र जमिनीवरून जमिनीकडे बोलतात.

'समुद्र खवळलेला राहण्याची शक्यता असल्याने मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' हा साचा वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्यातील 'जाऊ नये' हे क्रियापद तपासून पाहावे. ऐकणारा अद्याप किनाऱ्यावर आहे, हे ह्या निषेधात गृहीत धरलेले आहे. जो चार दिवसांपूर्वीच निघून गेला त्याला हे वाक्य काहीच सांगत नाही. त्याने परतावे, जवळच्या बंदराचा आश्रय घ्यावा, की अमुक दिशा टाळावी?

हा निव्वळ व्याकरणाचा काथ्याकूट नव्हे. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी श्रीलंकेजवळ निर्माण झालेला कमी दाबाचा पट्टा सुमारे चोवीस तासांत 'ओखी' नावाचे चक्रीवादळ बनला. हे नाव बांगलादेशाने सुचविलेले असून त्याचा अर्थ 'डोळा' असा आहे. केरळ व तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून कित्येक दिवसांच्या मोहिमेवर निघालेल्या नौका त्या वेळी खोल समुद्रात होत्या. मोबाइल संदेश किनाऱ्यापासून फार तर दहा-बारा किलोमीटरपर्यंत पोहोचतो. त्यापलीकडे त्यांना कोण सांगणार? शेकडो मच्छीमार मृत्यू पावले किंवा कायमचे बेपत्ता झाले. वाऱ्यापुढे उत्तरेकडे आलेल्या साठाहून अधिक नौका आणि त्यांवरील नऊशेंहून अधिक माणसे सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर सुखरूप लागली. मल्याळम व तमिळ बोलणारे हे दर्यावर्दी मराठी बंदरात उतरले, तेव्हा इशाऱ्याचा श्रोता प्रांताच्या सीमेत बांधता येत नाही हेही सिद्ध झाले.

ह्या आघातानंतर सुधारणा झाल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचे लहान उपकरण सादर करण्यात आले. उपग्रहामार्फत आलेला संदेश ते होडीवरील मोबाइलला देते आणि तो निरनिराळ्या भारतीय भाषांत वाचता येतो. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु ते संभाषण एकतर्फी होते. होडीवरून उलट विचारणा करण्याची सोय त्यात नव्हती. ज्या भाषेत प्रश्न विचारता येत नाही, तिच्यात गैरसमज दुरुस्तही होत नाही.

येथे जुन्या बंदर-संकेतांची आठवण होते. १८६४ च्या चक्रीवादळानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरात इशाऱ्याची व्यवस्था सुरू झाली, आणि पुढे भारतातील बंदरांवर अकरा संकेतांची पद्धती रूढ झाली. दिवसा शंकू व नळकांडी आणि रात्री लाल-पांढरे दिवे अशी त्यांची चिन्हे. आपल्या किनाऱ्याने मात्र त्यांना 'बावटा' हे आपले नाव दिले. 'तीन नंबरचा बावटा लागला' ह्या वाक्याने तांडेलाला जे कळे, त्यासाठी स्पष्टीकरणाची गरज नसे. ह्या पद्धतीतील अकरावा संकेत विशेष मननीय आहे. हवामान कार्यालयाशी संपर्क तुटला आहे, एवढाच त्याचा अर्थ. इशारा देणारी व्यवस्था स्वतः मुकी झाली, तर तेही सांगण्याचे चिन्ह तिने राखून ठेवले होते. हातातल्या मोबाइलच्या मौनाला असे चिन्ह नाही. पल्ल्याबाहेर गेलेल्या उपकरणाची शांतता ही समुद्राचीच शांतता समजली जाते.

४

तिसरी कसोटी मापाची. लाटांच्या पूर्वानुमानात जी उंची दिली जाते, ती सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. ह्या मापाच्या इंग्रजी नावातील विशेषण शब्दशः आणून 'लक्षणीय लाट' असे म्हटले, तर ऐकणाऱ्याला तीच सर्वांत मोठी लाट वाटेल. प्रत्यक्षात एखादी लाट त्या उंचीच्या दुपटीजवळ जाऊ शकते. तीन मीटरांचा आकडा ऐकून निघालेल्या होडीला पाच-सहा मीटरांची लाट भेटली, तर पूर्वानुमान चुकले असे शास्त्रज्ञ म्हणणार नाही. पण इशारा चुकला, असे होडीवाला म्हणेल, आणि आपापल्या परिभाषेत दोघेही बरोबर असतील.

पाण्याच्या पातळीचेही तसेच. 'खगोलीय भरतीच्या वर इतके मीटर' असे हे माप सांगितले जाते. ह्यातील संदर्भबिंदू निर्दोष आहे, पण तो पंचांगातल्या भाषेत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीचा हिशेब परंपरेने तिथीवर चालतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो. भरती दररोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते आणि ह्या नियमातील पाऊण तास त्याच्या जवळपास बसतो. निरक्षर माणसाला बोटांवर चालविता येणारी ही समुद्राची अनुकृतीच होय. तिला संगणक लागत नाही इतकेच.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. त्या दिवशी ज्येष्ठ शुद्ध द्वादशी संपून त्रयोदशी लागली होती. वरील नियमाने भरतीची वेळ सकाळी नऊ ते दहाच्या सुमारास येते. म्हणजे वादळ आदळले तेव्हा ओहोटी लागलेली होती. तेच वादळ भरतीच्या ऐन वेळी आले असते तर पाण्याची उंची निराळी झाली असती. हा विचार किनाऱ्यावरील वृद्ध माणूस स्वतः करू शकतो. त्यासाठी इशाऱ्याने त्याच्या हिशेबाच्या भाषेत बोलले पाहिजे. 'आजच्या भरतीला पाणी पौर्णिमेच्या उधाणाहून कंबरभर वर चढेल' अशा घाटाच्या वाक्यात अनुकृतीने काढलेली संख्या यथास्थित सामावते, आणि ऐकणारा आपल्या घराच्या जोत्याशी ती ताडून पाहू शकतो.

चौथी कसोटी निश्चितीची. आजच्या पद्धतीत एकच अनुकृती न करता आरंभीच्या मूल्यांत थोडाथोडा फरक करून अनेक अनुकृती केल्या जातात, आणि त्यांच्या फलितांतील एकवाक्यता अथवा फाटाफूट ह्यांवरून संभाव्यतेचे मान ठरते. म्हणजे यंत्राजवळ शंकेचे बारकावे आहेत. मराठी वाक्यात उतरताना मात्र ते सर्व 'शक्यता आहे' ह्या एकाच पदावलीत विलीन होतात. दहांपैकी नऊ वेळा घडणारे व दहांपैकी दोन वेळा घडणारे, दोन्ही 'शक्य'च. मराठीला ह्या बाबतीत दारिद्र्य नाही. 'येणारच', 'बहुतकरून येईल', 'येण्याची चिन्हे आहेत', 'आले तर आश्चर्य नाही' अशी चढती-उतरती श्रेणी आपल्या बोलण्यात नित्य असते. तिचे प्रमाणीकरण करून प्रत्येक पायरीला निश्चित अर्थ देणे हे भाषाशास्त्रज्ञाचे काम आहे, आणि ते अद्याप झालेले नाही.

५

ह्यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. कोणी म्हणेल की, इशारा न समजल्यामुळे माणसे समुद्रात जातात असे नाही, पोटासाठी जातात. एक दिवसाची मासेमारी बुडाली तर डिझेलचे पैसे व खलाशांची मजुरी अंगावर पडते. शिवाय पूर्वीचे पाच इशारे फुकट गेलेले असतात. ह्या आक्षेपात तथ्य आहे, आणि भाषेच्या सुधारणेने दारिद्र्य हटेल असा भ्रम कोणी बाळगू नये. परंतु हाच आक्षेप आपल्या मुद्द्याला बळकटी देतो. ज्याला धोका पत्करणे भाग आहे, त्याला धोक्याचे नेमके मान इतरांपेक्षा अधिक हवे असते. सरसकट 'जाऊ नये' म्हणणारे वाक्य त्याला विचाराला काही सामग्री देत नाही. ते केवळ आज्ञा करते. आज्ञा निष्फळ ठरू लागली की तिचा दरारा जातो. मग सहावा इशारा खरा असूनही तो पाचांच्या पंक्तीला बसतो.

दुसरा आक्षेप असा की, स्थानिक शब्द गावागणिक बदलतात; राज्यभर एकच इशारा देणाऱ्या संस्थेने कोणकोणत्या बोलीत बोलावे? उत्तर अनुकृतीच्या जाळीतच आहे. जेथे किनारा वाकडातिकडा व धोका मोठा, तेथे शास्त्रज्ञ घरे बारीक करतो. भाषेनेही तेच करावे. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोळी, मालवणी, दालदी अशा बोलींत पाणी, वारा, खाडीचे मुख, खाजण, पुळण ह्यांविषयीचे शब्द कोणते आणि त्यांच्या अर्थांच्या मर्यादा कोणत्या, ह्याचा पद्धतशीर संग्रह पदव्युत्तर प्रबंधांचा विषय होऊ शकतो. असा संग्रह दुहेरी उपयोगाचा ठरेल. गावांच्या व वाड्यांच्या नावांतील 'खार', 'खाजण' हे घटक पूर्वी समुद्राचे पाणी कोठवर येत असे ह्याची साक्ष देतात. ही साक्ष जाळी आखणाऱ्यालाही उपकारक आहे.

तात्पर्य, समुद्राच्या अनुकृतीचे परीक्षण संगणकाच्या पडद्यावर संपत नाही. नाव ओळखीचे आहे काय, ऐकणारा जेथे आहे तेथे वाक्य पोहोचते काय, माप त्याच्या हिशेबात बसते काय आणि शंका प्रामाणिकपणे सांगितली आहे काय, ह्या चार प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ते अपुरेच राहते. समीकरणांची अचूकता पडताळण्यासाठी समुद्रात तरंगती उपकरणे सोडली जातात. वाक्यांची अचूकता पडताळण्यासाठी कोणीतरी मासळीबाजारात, जेट्टीवर, जाळी विणणाऱ्यांच्या शेजारी बसून 'हे ऐकून तुम्हांला काय कळले?' असे विचारावयास हवे. हे काम सागरशास्त्रज्ञांचे नाही. ते आपल्या विभागाचे आहे, आणि पुढच्या मोसमाच्या आत त्याला हात घालता येईल.